बिल्लौर मंदीच्या यादीत

१

बुधवारी सकाळी मी सर्वत बेंच्या केबिनमध्ये पाय ठेवला तेव्हा गुन्हेगार आधीच ठरला होता. माझी फक्त सही व्हायची होती.

"बसा, उस्ताझा इन्शिराह. चहा सांगू?" बे म्हणाले आणि टाइप केलेला एक कागद माझ्यापुढे सरकवला. कैरोतला मालक आपणहून चहा विचारतो तेव्हा समजावं, गळ टाकलाय.

मी वाचलं. 'सदर चूक संगणक अभियंता शाहंदा हिच्या निष्काळजीपणामुळे घडली.' खाली तारीख, आणि माझ्या सहीसाठी कोरी जागा. पेढीत नियम पाळले जातात की नाही, हे बघणं माझं काम. म्हणजे कचेरीतली सगळ्यांची नावडती बाई मीच.

सफसाफ ही आमची शेअर दलालीची पेढी, आणि तिची सगळी अब्रू एका यादीवर उभी आहे. मंदीची यादी. दर शनिवारी संध्याकाळी ती गिऱ्हाइकांच्या फोनवर जाते आणि शुक्रवार-शनिवारच्या सुटीनंतर रविवारी बाजार उघडला की लोक डोळे मिटून त्यातले शेअर विकतात. यादीत नुसती नावं असतात. कारण विचारायची कुणाला सवय नाही. नाव यायचं तर ते तीन चाळण्यांत अडकावं लागतं. एक, भाव दोनशे दिवसांच्या सरासरीखाली हवा. दोन, आरएसआय, म्हणजे भावातला जोर मोजणारा आकडा, मरगळलेला हवा. तिसरी चाळणी लोकांच्या मूडची. शाहंदाने बनवलेलं यंत्र वर्तमानपत्रं आणि गुंतवणूकदारांचे ग्रुप वाचतं आणि कुठल्या कंपनीच्या नावाभोवती रडारड चाललीय ते सांगतं.

या शनिवारी यादीत बिल्लौर आली. बिल्लौर म्हणजे काचसामान बनवणारी धडधाकट कंपनी. त्याच आठवड्यात तिने एकास एक बोनस शेअर दिले होते. रविवारी आणि सोमवारी तिचा भाव पडतच गेला. मंगळवारी कंपनीने तिमाहीचा भरघोस नफा जाहीर केला आणि भाव उसळला. घाबरून विकलेल्यांनी आमच्या दारात येऊन आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कुणीतरी मात्र सोमवारी तळाच्या भावात पोतं भरून घेतलं होतं.

बाजार प्राधिकरणाने विचारलं: हे नाव यादीत कसं आलं आणि जबाबदार कोण? गुरुवारी कचेरी बंद व्हायच्या आत उत्तर हवं, आणि तेही माझ्या सहीने. प्राधिकरणाच्या दप्तरी एकदा असं नाव गेलं की त्या माणसाला बाजारात पुन्हा कुणी उभं करत नाही. शाहंदा जेमतेम सव्वीस वर्षांची.

"आधी चौकशी करते, मग सही," मी म्हटलं.

"चौकशी कसली? मशीन तिचं, चूक तिची."

"मग उद्याही तिचीच राहील ना, बे. चूक काय पळून जातेय?"

बेंनी चहा सांगितलाच नाही.

आमच्याकडे दर गुरुवारी यादीचा मसुदा निघतो. कुठलं नाव किती चाळण्यांत अडकलंय, हे त्यात दिसतं. तो चौघंच बघतात: मालक सर्वत बे, आलेखांचे प्रमुख उस्ताझ वगीह, विक्रीप्रमुख हिल्मी आणि शाहंदा. मी तो मागवून घेतला. गुरुवारी बिल्लौर पहिल्या दोन चाळण्यांत अडकलेली होती आणि तिसरीत स्वच्छ. म्हणजे यादीपासून ती एका पावलावर उभी होती, आणि ते पाऊल शुक्रवार-शनिवारात पडलं होतं.

२

लिफ्ट बंद. ती गेल्या रमझानपासून बंद आहे आणि कुणालाही विचारा, उत्तर एकच: "मालेश." जाऊ द्या, चालायचंच. या एका शब्दाने आमच्या देशाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं टोळधाडीनेही केलं नसेल. मी धापा टाकत जिने चढून वगीहांच्या खोलीत गेले.

वगीह अजूनही आलेख हाताने काढतात. टेबलावर पेन्सिली, खोडरबर आणि दुधाचा चहा.

"उस्ताझ वगीह, बोनस दिला की शेअरचा भाव निम्मा होतो. खरं ना?"

"एकास एक असेल तर होतोच. शेअर दुप्पट, भाव अर्धा. त्यात कुणाचं काही बुडत नाही."

"मग मागचे भावही निम्मे करून यंत्रात भरावे लागतात. नाहीतर शेअर कड्यावरून कोसळल्यासारखा दिसतो."

"अर्थात! ते काम माझं. मी केलं."

"कधी?"

त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. तिला चांगलं टोक होतं.

"रविवारी," ते म्हणाले.

"यादी शनिवारी जाते!"

"पूर्वी सोमवारी जायची."

"त्याला जमाना झाला, उस्ताझ!"

"रविवारी सकाळी, पहिल्या चहाबरोबर दुरुस्त्या. मी या धंद्यात आलो तेव्हापासूनची पद्धत आहे. आजवर काही बिघडलं का, सांगा." आवाजात अपराध नव्हता, उलट रुसवाच होता. "बोनसवाला शेअर दोन चाळण्यांत खोटाच अडकतो, कबूल. पण ज्या कंपनीने बोनस दिलाय तिच्या नावाने लोक रडतील कशाला? मूडची चाळणी त्याला सोडूनच देते. दर वेळी."

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मसुदा बघणाऱ्या सगळ्यांना. हिल्मी मला चिडवतो, 'काका, तुमची मंदीची अस्वलं पुन्हा खोटी निघाली.' बेही हसतात."

मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. एक दरवाजा वर्षानुवर्षं उघडा, सगळ्यांना ठाऊक, आणि सगळे हसतायत.

"मग या वेळी मूड का बिघडला?"

"आता मूड कसा राहणार, उस्ताझा?" वगीहांनी आवाज खाली आणला. "बिल्लौरच्या फिक्री बेंचा भाऊ गेला ना शुक्रवारी. मी तार पाठवली."

फिक्री बे म्हणजे बिल्लौरचे मालक. त्यांच्या घरी दुःखाचा प्रसंग झाल्याचं मलाही माहीत होतं. पण भाऊ? माझ्या कानावर काही वेगळंच आलं होतं.

३

शाहंदाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "सहीसाठी पेन हवंय का? हे घ्या."

"जिभेला लगाम घाल आणि मूड दाखव."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. शुक्रवारपर्यंत बिल्लौरच्या नावापुढे हिरवी रेघ होती. शुक्रवार दुपारपासून ती अशी खाली गेली होती की बघवेना.

"दुखवटा," ती म्हणाली. "उस्ताझा, मी इथलीच आहे हो, मला आपल्या लोकांची चाल माहीत नाही का? यंत्र सुरू केलं त्या पहिल्याच महिन्यात यादीत नुसती मयतवाली घराणी आली. म्हणून वर्तमानपत्रांतली श्रद्धांजलीची पानं मी वगळली. पण ग्रुपवर कोण लिहितं असं? तिथे लोक शिव्या देतात, टिप देतात, भांडतात. दुखवटा या वेळी पहिल्यांदाच."

सगळ्यात मोठ्या ग्रुपवर शुक्रवारी कुणा 'अबू लैला' नावाच्या माणसाने लिहिलं होतं: 'बिल्लौरचे फिक्री बे यांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. उरतो तो फक्त अल्ला.' खाली शेकडो लोक. उरतो तो फक्त अल्ला. देव तुम्हाला धीर देवो. डोळे पाणावले. मोठाच आघात. त्या गर्दीत मला माझंही नाव दिसलं. शुक्रवारी जेवण झाल्यावर, आडवी पडल्या पडल्या मीही लिहिलं होतं.

"यंत्राला काय कळणार हे कशाचं रडणं?" शाहंदा म्हणाली. आता तिचा आवाज फाटला. "आई त्यांची गेली, शेअर मी पाडला. बे म्हणतात तू बाजारातून उठलीस. चार वर्षं घासलीयत मी या यंत्रावर. नशीब माझं!"

"आई?"

"त्यांची आईच ना? मी त्यांच्या मुलीला मेसेज पण केला. कॉलेजात माझ्या वर्गात होती. उत्तर नाही आलं. घरात रडारड असेल."

"वगीह म्हणतात भाऊ गेला."

"वगीहकाकांना काय, ते तर मला अजून शहनाझ म्हणतात."

मी तो पहिला मजकूर पुन्हा वाचला. आमच्याकडे श्रद्धांजलीच्या जाहिरातीत मेलेल्याच्या आत्याच्या जावयाची कंपनीसुद्धा छापतात, दुकानाच्या पत्त्यासकट. इथे मेलेल्या माणसाचंच नाव नव्हतं.

"आता करताय सही?" शाहंदाने विचारलं.

"जेव काहीतरी," मी म्हटलं. "तोंड उतरलंय तुझं."

तिच्या टेबलावरचं तआमियाचं, म्हणजे कडधान्याच्या वड्यांचं, सँडविच सकाळपासून तसंच होतं.

४

मयताच्या बाबतीत हिल्मीइतका जाणकार माणूस आमच्या बाजारात दुसरा नाही. धिप्पाड, हळवा, आणि कुणाच्याही दुःखात आधी रडणारा. त्याच्या खणात काळा टाय कायम असतो. गिऱ्हाइकाचा दूरचा मामा गेला तरी हा सांत्वनाच्या मंडपात पुढच्या खुर्चीवर, हातात बिनसाखरेची कॉफी. अर्धी गिऱ्हाइकं त्याने अशीच मिळवली आहेत.

"हिल्मी, फिक्री बेंकडे कोण गेलं रे?"

तो दचकला. "कोण... म्हणजे... तुम्हाला काय कळलंय?"

"तू सांत्वनाला गेला असशील ना. तुलाच ठाऊक."

"मी नाही गेलो."

मी चष्मा काढून पुसला. "तू? गेला नाहीस?"

"शनिवारी ताप होता मला." त्याचे कान लाल झाले. "सगळ्यांच्याच घरी मी जायचं का? माणूस आहे मी, मंडपातला कंदील नाही!"

"चिडतोस कशाला?"

"चिडू नको तर काय करू? उगाच मला एकट्याला विचारता. पेढीची जाहिरात तरी कुठे गेली? मी नेहमीप्रमाणे शुक्रवारीच मजकूर करून पाठवला होता. पाव पान, काळी चौकट, नावाची जागा मोकळी, नंतर भरू म्हणून. बेंनी परत पाठवला. म्हणे, खर्च वाढलेत, या वेळी राहू दे. आता बोला! पेढीनेच रीत सोडली तर मी कोण?"

"शनिवारी दिवसभर घरीच होतास?"

"घरीच," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

हा खोटं बोलतोय, हे लहान मूलही सांगेल. आयुष्यात एक मयत न चुकवलेला माणूस नेमकी हीच मयत चुकवतो. आणि वगीहांची सवय त्याला माहीत, मसुदा त्याने पाहिलेला. माझा गुन्हेगार मला मिळाला असं वाटलं, आणि आनंद होण्याऐवजी राग आला. माझ्या बापाच्या वेळी हा बैलासारखा रडला होता.

५

गुरुवारी सकाळी मी काळे कपडे घातले. ज्या घराच्या दुःखाबद्दल आपण अहवाल लिहितोय त्या घरी तोंड तरी दाखवावं, एवढंच मनात होतं. फिक्री बेंचं घर हेलिओपोलिसमध्ये. पुलावर गाड्या मुंग्यांच्या गतीने चालल्या होत्या आणि टॅक्सीवाला मला फुटबॉल समजावत होता, ज्यात मला तेवढंच गम्य आहे जेवढं त्याला गप्प बसण्यात.

दार एका म्हातारीने उघडलं. काटक, पांढरा रुमाल बांधलेला, डोळे तिखट.

"उरतो तो फक्त अल्ला," मी मान खाली घालून म्हटलं.

"तो उरतोच. तुम्ही कुणासाठी आलात? माझ्यासाठी, की माझ्या मुलासाठी?"

"मी... हाग्गा, तुम्ही?" वयस्कर बाईला आम्ही आदराने हाग्गा म्हणतो, हज करून आलेली.

"मी नेअमात. फिक्रीची आई. आज सकाळपासून दोनदा मेलेय. आत या, दारात उभं राहून तिसऱ्यांदा मारू नका."

आत फोन वाजत होता. तिने तो उचलला. "हो, मीच ती. नाही, नाही मेले. हयात तुम्हालाच लाभो!" आणि आपटला.

मी मटकन सोफ्यावर बसले. "मग गेलं कोण?"

"या घराच्या पायरीवर सहा दिवसांत हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या!" हाग्गा कडाडली. "कुणी नाही गेलं, बाई! कुणी नाही! ही तार बघा, कुणी वगीह आहेत. फिक्रीच्या भावाबद्दल शोक. फिक्रीला भाऊच नाही, चार बहिणी आहेत. नातीचा फोन तर या मेसेजांनी इतका वाजला की तिने कपाटात टाकलाय."

"फिक्री बेंनी खुलासा का नाही केला?"

"केला की, रविवारी! लिहिलं, आमच्या घरी सगळे सुखरूप आहेत. खाली लोक लिहितात, 'काय धीराचा माणूस!' आणि वर आणखी शोक."

हसावं की रडावं कळेना. खरंच होतं ते. आमच्याकडे दुखवट्याला 'कोण गेलं' असं विचारत नाहीत. विचारलं तर आपल्याला माहीत नव्हतं असं होतं, आणि माहीत नसणं म्हणजे माया नसणं. एकाने लिहिलं की दुसरा लिहितो, आणि प्रत्येकजण मनातल्या मनात आपला एक मुडदा ठरवतो. वगीहांनी भाऊ मारला, शाहंदाने आई. मी स्वतः सासरे समजून चालले होते.

"घरी कुणी आलं होतं का, हाग्गा? प्रत्यक्ष?"

"शेजारी सोडले तर बाहेरचा एकच. शनिवारी दुपारी. डोंगराएवढा माणूस, काळा टाय, हातात कॉफीचा पुडा. दारातच हुंदका. 'घरातली मोठी बाई गेली हो,' म्हणतो. मी म्हटलं, 'बाळा, मोठी बाई मीच.' असा पांढरा पडला की मला वाटलं आता खरंच इथून कुणीतरी जाणार. लिंबाचं सरबत पाजून पाठवला. जाताना हात जोडून म्हणाला, 'आई, मी आलो होतो हे कुणाला सांगू नका. बाजारात माझं हसं होईल.'"

हिल्मी. माझा गुन्हेगार माझ्या हातातून निसटला, आणि बाहेर पडताना मला कळलं की निसटता निसटता तो खऱ्याचं नाव सांगून गेला होता.

६

पुलावर पुन्हा तीच कोंडी. कचेरीत पोचले तेव्हा दुपार कलली होती. मी तिघांनाही बेंच्या केबिनमध्ये बोलावलं. बे घड्याळ बघत होते.

"कागद झाला का, उस्ताझा?"

"होतोय. आधी एक विचारायचंय. फिक्री बेंकडे कोण गेलं?"

"भाऊ," वगीह म्हणाले.

"आई," शाहंदा म्हणाली.

हिल्मी जमिनीकडे बघत राहिला. बे म्हणाले, "कुणीतरी नातेवाईक. त्याचा इथे काय संबंध?"

"कुणीही गेलेलं नाही. मी आत्ता त्यांच्या आईच्या हातचा चहा पिऊन आले."

शाहंदा उभी राहिली. वगीह म्हणाले, "पण मी तार पाठवली!" जणू तार पाठवल्यावर भावाने मरायलाच हवं होतं.

"ऐका," मी म्हटलं. "गुरुवारी मसुद्यात दिसत होतं की बिल्लौर दोन चाळण्यांत खोटी अडकलीय. उस्ताझ वगीह रविवारशिवाय दुरुस्ती करत नाहीत, हे या खोलीत सगळ्यांना ठाऊक. फक्त मूड पाडायचा बाकी होता. वर्तमानपत्रातला दुखवटा यंत्र वाचत नाही, पण ग्रुपवरचा वाचतं. म्हणून शुक्रवारी एका खोट्या नावाने एकच ओळ टाकली गेली. पुढचं काम आपण सगळ्यांनी केलं. मीसुद्धा. ती ओळ टाकणारा मसुदा पाहिलेला हवा, म्हणजे तुम्हा चौघांतला एक. आणि त्या एकालाच माहीत होतं की कुणी मेलेलं नाही."

"म्हणजे तिला," बे शाहंदाकडे बोट दाखवत म्हणाले. "यंत्र काय वाचतं ते तिला माहीत."

"तुम्हालाही माहीत. यंत्र सुरू केलं तेव्हा तुम्हीच गिऱ्हाइकांसमोर तासभर त्याचं कौतुक केलं होतं. शाहंदाने फिक्री बेंच्या मुलीला मेसेज केला. कुणी मेलं नाही हे माहीत असताना मैत्रिणीला कोण सांत्वन लिहील? दुसऱ्या मिनिटाला पितळ उघडं पडेल. उस्ताझ वगीहांनी तार केली, खाली स्वतःचं नाव घालून. आणि हिल्मी..."

"उस्ताझा, नको," हिल्मी पुटपुटला.

"हिल्मी शनिवारी कॉफी घेऊन त्यांच्या घरी जाऊन रडून आला. जिवंत बाईपुढे. लाज वाटली म्हणून गप्प बसला. त्याने शनिवारीच तोंड उघडलं असतं तर यादी थांबली असती. त्याचं मी त्याला नंतर बघते. पण खोटी मयत रचणारा माणूस स्वतः तिथे जाऊन रडत नाही."

एसीतून बादलीत थेंब पडत होते.

"राहिले तुम्ही, बे. पेढीची जाहिरात तुम्ही थांबवलीत."

"खर्च! पाव पानाला किती पडतात माहीत आहे?"

"माहीत आहे. बिलं माझ्याकडूनच जातात. मागच्या वर्षी गिऱ्हाइकाच्या ड्रायव्हरच्या मावशीला अर्धं पान दिलं होतंत. आणि फिक्री बे तर तुमच्या शाळेपासूनच्या ओळखीचे. जाहिरात नाही, तार नाही, साधा फोन नाही. बरं, कुणी मेलं नाही असं तुम्हाला कुठूनतरी कळलं असतं, तर तुम्ही हिल्मीला सांगितलं असतंत, 'अरे वेड्या, सगळे जिवंत आहेत, मजकूर फाडून टाक.' तो शनिवारी तिथे गेलाच नसता. तुम्ही म्हणालात खर्च वाढलेत. जिवंत माणसाच्या नावाने शनिवारी सकाळी पेढीची काळी चौकट छापून आली असती तर त्याच दिवशी फिक्री बे इथे उभे राहिले असते आणि शनिवारची यादी रद्द झाली असती. तुम्हाला ठाऊक होतं, बे. आणि तरी तुम्ही गप्प बसलात."

सर्वत बे टेबलावरची काच पुसत राहिले. मग हसले. तेच गिऱ्हाइकांना दाखवायचं हसू.

"सिद्ध काय होतं यातून? मी जाहिरात दिली नाही. तुरुंगात घालतील?"

"सोमवारी कुणाच्या खात्यात शेअर गेले ते मला दिसत नाही, प्राधिकरणाला दिसतं. अशी खरेदी कुणी स्वतःच्या नावावर करत नाही. 'सर्वत बेंच्या मेहुण्यांपासून सुरुवात करा,' एवढंच मी लिहिणार आहे."

हसू गेलं. "बाकीच्यांनी बाहेर थांबा," ते म्हणाले. कुणी हललं नाही.

"बरं. सगळ्यांनीच ऐका. उस्ताझा, नाव लिहूच नका. कुणाचंच. लिहा, यंत्राचा दोष. मुलगी सुटेल, मी सुटेन, पेढी टिकेल. माझं नाव लिहिलंत तर पेढीला उद्या टाळं. चाळीस घरांची चूल आहे ही. वगीह या वयात कुठे जाणार? तुम्ही कुठे जाणार? सत्य घेऊन बाजारात जाल तर त्याची कुणी भाकरी देतं का?"

चीड याचीच येते की हे लोक वेळेला खरंही बोलतात. वगीह पेन्सिल चाचपत होते. हिल्मीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"लिहा, उस्ताझा," शाहंदा हळूच म्हणाली. "यंत्राचा दोष. मी सोसेन."

"काय सोसशील? यंत्र कुणाचं?"

"माझं."

"मग यंत्राचा दोष म्हणजे कुणाचा दोष? बाजार काय दुधखुळा आहे?" मी तिच्यावर ओरडले, ओरडायचं कुणावर होतं आणि ओरडले कुणावर. "चार दिवस इथे जो तो मालेश, मालेश करतोय! दुरुस्ती उशिरा, मालेश. मेलं कोण ते माहीत नाही, मालेश. मालकाने लोकांचे पैसे खाल्ले, मालेश! आणि आता तूही? चल, माझ्या टेबलाशी ये."

बे मागून काहीतरी म्हणाले. मी ऐकलं नाही.

अहवाल मी एका बैठकीत लिहिला. वगीहांची रविवारची दुरुस्ती लिहिली, हिल्मीचं मौन लिहिलं, ग्रुपवर मीही न विचारता शोक केला ते लिहिलं, आणि सर्वत बेंचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या आणि आजोबाच्या नावासकट. उद्यापासून आम्ही सगळे रस्त्यावर, हे मला दिसत होतं. वगीह दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, "माझ्याबद्दलचं खरंय, असू दे ते," आणि गेले.

सही करून मी खुर्ची शाहंदाकडे वळवली. "वाच."

तिने वरपासून खालपर्यंत वाचलं, आपलं नाव शोधत. ते एकदाच होतं, मधल्या एका परिच्छेदात: 'यंत्र अभियंता शाहंदा हिने योग्य रीतीने बनवले होते.' ती तिथे थांबली.

"हे काढा, उस्ताझा. योग्य रीतीने नाही बनवलं. मला सुचायला हवं होतं."

"अख्ख्या शहराला सुचलं नाही."

"तरी पण."

"पोरी, या सगळ्या घाणीत एवढं एकच वाक्य लिहिताना मला बरं वाटलंय. त्याला हात लावशील तर याद राख."

कचेऱ्या बंद व्हायला आल्या होत्या. मी माउस तिच्याकडे सरकवला, आणि तो अहवाल तिनेच पाठवला.